उघडच आहे

स्तामेनाने टेबलावर पालथ्या मांडलेल्या तोंडी परीक्षेच्या प्रश्नचिठ्ठ्यांतली एक उचलली, वाचली आणि म्हणाली, "सतरावी."

मागच्या बाकांवर आपापल्या पाळीची वाट बघणाऱ्या पोरापोरींना हेवा वाटला. सतरावी म्हणजे लॉटरीच. बंद रेघेच्या आत फलन नीट वागत असेल, तर त्या रेघेवरून एक फेरी मारून केलेली बेरीज शून्य येते, एवढंच सिद्ध करायचं. पाठ असेल तर दहा मिनिटांचं काम.

प्रोफेसर ओग्न्येनलाही बरं वाटलं. चौतिशीचा माणूस, मनाने वाईट नव्हता. समोरची बाई त्याच्या आईच्या वयाची, पहाटेपासून बेकरीत जेव्रेक पावाची गोल कडी वळून थेट परीक्षेला आलेली, मनगटाला अजून पीठ. पदवीला लागणाऱ्या एकतीस परीक्षांपैकी तीस तिच्या इंडेक्सच्या, म्हणजे गुणनोंदीच्या, वहीत सह्यांनिशी नोंदलेल्या होत्या. आज एकतिसावी झाली की ती गणिताची पदवीधर. नाही झाली, तर जुना अभ्यासक्रम दुपारी दोनला कायमचा बंद होणार आणि तीसच्या तीस परीक्षा पाण्यात.

तिने फळ्यावर एक बंद रेघ काढली. "या रेघेच्या आत," असं म्हणाली आणि थांबली.

"काय झालं, बाई?"

"सर, हिला 'आत' आहे हे कशावरून?"

मागे कोणीतरी खुसखुसलं.

"कशावरून म्हणजे? उघडच आहे," ओग्न्येन म्हणाला. "जेव्रेकला आत-बाहेर असतं हे चिमणीलासुद्धा कळतं."

"जेव्रेक मी वळते, त्याचं मला ठाऊक आहे. पण ही कुठलीही रेघ आहे. हवी तितकी वेडीवाकडी, बोटभरही सरळ नाही अशी. ती कागदाचे दोनच भाग करते, तीन नाही की एक नाही, हे कोणी बघितलंय?"

हा विषय आधी शिकवणाऱ्या, आता वारलेल्या मोठ्या प्रोफेसरांच्या टिपणांत, पान एक्केचाळीसवर, या जागी दोनच शब्द होते: उघडच आहे. चाळीस वर्षं या विभागातला जो तो ते दोन शब्द पाठ करून पास झाला होता. ओग्न्येनही त्यातलाच.

"मावशी, म्हणून टाका ना," मागून तेओदोरा नावाची मुलगी कुजबुजली. "'उघडच आहे' म्हणा आणि पुढे चला. पास तरी व्हाल."

"बत्तीस वर्षांपूर्वी याच फळ्यापाशी म्हणायला गेले, पोरी. जीभच उचलेना. तशीच घरी गेले."

ओग्न्येनने घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. "हे बघा, ते फार मोठं प्रमेय आहे. त्याची सिद्धता पुस्तकांत आहे. आपण ते धरून चालतो."

"तुम्ही वाचलीय?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," तो म्हणाला आणि त्याचे कान तापले.

"मग मी मांडते. त्याशिवाय मला पुढे पाऊल टाकता यायचं नाही."

"अहो, दोनच्या आत मूळ प्रश्न झाला नाही तर माझे हात बांधलेत."

"माहीत आहे," स्तामेना म्हणाली आणि तिने खडू उचलला.

आधी तिने सरळ बाजूंच्या आकृत्या घेतल्या. कुठल्याही ठिपक्यावरून बाण सोडायचा, तो रेघेला कितीदा छेदतो ते मोजायचं. विषम आलं तर ठिपका आत, सम आलं तर बाहेर. पोरं हसली, इतकं ते सोपं होतं. मग तिने रेघ वाकवली. वाकवतच नेली. "आता बाण अगणित वेळा छेदेल. मोजणार काय, कप्पाळ?" हसणं थांबलं.

त्यानंतर ती पायरीपायरीने चढत गेली. घाई नाही, कागद नाही. फळा भरला की ओग्न्येन मुकाट उठून पुसायचा. बारा वाजता जेवायला कोणी उठलं नाही. ज्या जमिनीवर ते सगळे बिनघोर नाचत होते, तिच्याखाली केवढी खोल दरी आहे ते त्यांना आता दिसत होतं, आणि पिठाच्या हातांची एक बाई तिच्यावर एकेक फळी टाकत चालली होती. आठ वर्षं आपण हे शिकवतो, ओग्न्येनला वाटलं, आणि आपल्याला काहीच माहीत नाही.

दोनला पाच कमी असताना कचेरीतली बाई जुन्या अभ्यासक्रमाचं नोंदपत्रक न्यायला आली. मूळ प्रश्नाला हातही लागला नव्हता. नियम स्वच्छ होता. ओग्न्येनने फळ्याकडे बघितलं, स्तामेनाच्या नावापुढे दहा लिहिले, तिच्या इंडेक्समध्येही दहा लिहून सही केली. दहाच्या वर गुण नव्हते. कचेरीतली बाई कागद घेऊन गेली. स्तामेनाची पाठ होती, तिला काही कळलं नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी तिने शेवटची ओळ लिहिली. "म्हणजे दोनच भाग. एक आतला, एक बाहेरचा." मग तिची नजर घड्याळावर गेली.

"गेली वेळ," ती म्हणाली. "असू दे. आता 'आत' म्हणता येतंय, तर सतरावी पुरी करूनच जाते."

तेओदोराला राहवेना. "मावशी, अहो, तुम्ही..."

ओग्न्येन पहिल्या बाकावर येऊन बसला होता. त्याने वहीचं कोरं पान उघडलं आणि मागे न वळताच हात वर केला.

"गप्प बस गं," तो म्हणाला. "आधी ऐकू दे."