मुकी शिट्टी

व्हायोलिनच्या संथ सुरांत सगळं सभागृह बुडालं होतं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या थॉर्नलींना बुटांतून फरशीचा चटका जाणवत होता. खाली तळघरात सभागृह उबदार ठेवणारा बॉयलर होता. वाफेचा दाब वाढला की किंचाळणारी शिट्टी त्यांनीच शोधली होती. इंग्लंडभरच्या गिरण्यांना ती विकून आलेल्या पैशातून त्यांनी गावासाठी हे संगीतगृह बांधलं होतं. पण "ऐन वादनात ती वाजली तर मी उठून जाईन," असं वाद्यवृंदाच्या संचालकानं बजावल्यावर, सकाळी त्यांनी स्वतःच गुपचूप आपला रेशमी मफलर शिट्टीच्या तोंडात कोंबला होता. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून.

ते उठले आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत तळघराकडे धावले.

भट्टीवाला वेब निवांत कोळसा टाकत होता. "काळजी नको, साहेब. अजून शिट्टी झाली नाही. तुमची शिट्टी कधी चुकत नाही."

बॉयलर थरथरत होता. थॉर्नलींनी मफलर ओढून काढला. शिट्टी अशी किंचाळली की वरची व्हायोलिनं थांबली आणि पळापळीचा आवाज सुरू झाला. वेबनं जळते निखारे भराभर बाहेर ओढले. बऱ्याच वेळानं शिट्टी शांत झाली.

वेबनं जमिनीवरचा मफलर उचलला. "वर पाचशे माणसं होती, साहेब! कुणा हरामखोराचा हा?"

थॉर्नलींनी भाजलेल्या हातानं तो घेतला आणि तसाच, वाफाळता, गळ्याभोवती गुंडाळला.