चारची उचकी

उक्!

दुपारच्या निवांत घरात उचकी वाजली आणि श्रद्धाला हसू आलं. चारच वाजले असणार.

तिचे सासरे अर्जुनराव फ्लूमुळे मरणाच्या दारात जाऊन आले होते. दवाखान्यात कुण्या अनोळखी बाळाच्या नाळेतल्या मूलपेशी दिल्या, तेव्हा कुठे श्वास परतला. आता बोटावरचं ऑक्सिजनचं मशीन शहाण्णव दाखवायचं. फक्त रोज चारला ही उचकी लागायची, तान्ह्या बाळाची वाटावी इतकी बारीक.

“लई आठवण काढून राहिलंय कुणीतरी माझी,” ते खुशीत म्हणाले. “घ्या नावं!”

बरोबर नाव निघालं की उचकी थांबते म्हणतात. कंधारची नागाबाई आत्या झाली, धर्माबादचा अडत्या झाला, अहमदपूरच्या गाडीवरचा जुना कंडक्टरसुद्धा झाला.

उक्!

“अन् ते नाळवालं बाळ?” सात वर्षांची नात मालू म्हणाली.

उचकी थांबली.

अर्जुनरावांचा हात आपोआप छातीवर गेला.

मालू आईला बिलगली.

“आई, त्याला त्याचं परत पाहिजे का गं?”