सारखं म्हणायची बंदी

शेवटचं प्रकरण हातात घेऊन लेखकाने घसा साफ केला. समोर बायको शिलाई मशीन चालवत होती. मशीनवर उशीचा अभ्रा, शेजारी आणखी अभ्र्यांचा ढीग.

या घरात कादंबरीची परीक्षा अशीच व्हायची. त्याने वाचायचं, तिने शिवायचं. ऐकता ऐकता मशीन थांबलं की तो भाग जमला. तोंडाने ती चार गोड शब्द बोलायची, पण तिच्या पायांना खोटं बोलता येत नव्हतं. या वेळी कादंबरी संपत आली तरी मशीन आपलं खडखडतच होतं. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अहो, अळणी भाजी खाल्ल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "एक उपमा नाही की काही नाही. त्या म्हाताऱ्याची बायको पहिल्याच पानावर गेली, आणि तिचं वर्णन काय? 'नाक बसकं. शेंड्यावर तीळ.' पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यावी तसं!"

"अगं, कादंबरीतल्या त्या शहरात 'सारखं' म्हणायची बंदी आहे. तुलना करायला लागला की माणसाला जुने दिवस आठवतात, म्हणून सरकारने कायदाच केलाय."

"पण तुम्हाला कोण पकडायला येणार आहे?"

"शैली म्हणतात याला!" तो फणकारला.

"बरं बाबा, वाचा."

त्याने वाचायला सुरुवात केली. वाक्यं आखूड, कोरडी ठणठणीत. म्हातारा तुरुंगातून सुटला. घरी आला. मुलीने नातीला त्याच्या मांडीवर ठेवलं. दारात शिपाई उभा होता. म्हाताऱ्याने नातीकडे पाहिलं. नाक बसकं. शेंड्यावर तीळ. तो म्हणाला, "हिचं नाक..." शिपाई एक पाऊल पुढे आला. म्हातारा गप्प बसला.

लेखकाने कागद खाली ठेवला. खोलीत फार शांत वाटत होतं. का, ते त्याला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने मशीनकडे पाहिलं. सुई अर्ध्या शिवणीत रुतून राहिली होती. त्याला उठून नाचावंसं वाटलं.

"पुढे?" बायकोने विचारलं.

"पुढे काही नाही. इथेच संपते."

"अशी कशी संपते? बोलू द्या ना त्याला!"

"कायदा आहे."

"चुलीत गेला तुमचा कायदा!"

तिने हातातला अभ्रा डोळ्यांना लावला. मग रिकाम्या दाराकडे वळली आणि तिथे उभ्या असलेल्या शिपायाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजीसारखं आहे! हुबेहूब आजीसारखं! काय करायचं ते करून घे!"