नासकी मोसंबी

ऐका गड्यांनो, वडवणीच्या बाजारात चहावाला गहिनीनाथ सरकारातल्या पक्षाचा अन् समोरचा फळवाला फिरोज विरोधातल्या छोट्या पक्षाचा. दर बाजाराला दोघांची अशी जुंपायची की फिरोज नासकी मोसंबी फेकून मारायचा, अन् गहिनीनाथकडंच चहा प्यायचा! पण वर पुढाऱ्यांनी हात मिळवले अन् भांडणच संपलं. आता फिरोज निवडून गोड मोसंबी द्यायचा, "घ्या गहिनीनाथराव, तुमी आमचेच." चहाला मात्र यायचा न्हाई. गहिनीनाथ त्याचा कप विसळून वाट बघायचा. काल राहवेना. "फिरोज्या, तुज्या पुढाऱ्यानं पाठिंबा काढला म्हनं!" तो खोटंच ओरडला. फिरोजनं मोबाईल बघितला. त्यात पुढारी एकमेकांना पेढे भरवत होते. मोबाईल गपकन खिशात गेला. "काढणारच की बे! तुमचं सरकार हाय का तमाशा?" नासकी मोसंबी छातीवर फुटली. भिजल्या सदऱ्यानिशीच गहिनीनाथनं त्याचा कप भरला.