आवाज बंद ठेवून

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास अमरावतीत चालला होता. तिथे कामाला असलेली प्रणाली दर्यापूरच्या मैनाबाईंच्या स्वयंपाकघरातलं महिनाभरापूर्वीचं चित्रीकरण आवाज बंद ठेवून बघायची. मैनाबाईंचे ओठ हलले, की ती 'स्वतःशी बोलते' हे बटण दाबायची आणि सॉफ्टवेअर तो क्षण टिपून घ्यायचं. तोच व्हिडिओ तिचा सहकारी हसनैन चित्र झाकून नुसता ऐकायचा. एकाचं बघून दुसऱ्याने ठोकून देऊ नये, म्हणून ही रीत.

दोघांच्या नोंदी जुळवायला घेतल्या, तर एकही जुळेना. हसनैनने जिथे तिथे 'दुसऱ्याशी बोलते' दाबून ठेवलं होतं.

"झोपेत काम करतं का रे तू?" प्रणाली भडकली. "तिचा नवरा मरून तीन वर्षं झाले. म्हातारी एकटीच रायते तिथं!"

"एकटी कशी? मग मधात मधात खोकलते कोन?" हसनैनने कानातला हेडफोन काढून तिच्या हातात दिला. "तूच आयक."

प्रणालीने पहिल्यांदाच आवाज लावला. पडद्यावर मैनाबाईंनी समोरच्या रिकाम्या पाटापुढे कपबशी सरकवली. "घ्या ना, चहा थंडा होऊन राह्यला."

कुणीतरी खोकललं. मग एक घोगरा, म्हातारा आवाज आला.

 

"हळू बोल, मैना. ते पोरगी आज आयकून राह्यली."