किटलीबरोबर येणारी पाटी

एका नळानं हौद तीन तासांत भरतो, दुसऱ्यानं पाच तासांत रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल, यावर दूध सोसायटीची कमिटी पाऊण तास भांडत होती. चेअरमन दत्तोबांचं म्हणणं, आधी खालचा नळ बंद करा. मेंबर श्रीपतीला हौद कुणाच्या रानात आहे ते कळल्याशिवाय मत द्यायचं नव्हतं.

पाटीवर उत्तर होतं, साडेसात तास. ते बरोबर की चूक, हे सातांपैकी एकालाही माहीत नव्हतं. शेवटी ठराव झाला की बरोबर आहे. दूध मोजणाऱ्या सोपाननं खाली 'शाब्बास, चिंगी' लिहिलं.

चिंगी डोंगरावरच्या वाडीतली, दहा वर्षांची, एका पायानं अधू. वाडीत शाळा नव्हती आणि तिला खाली उतरणं जमत नव्हतं. म्हणून खालच्या गावातल्या निवृत्ती गुरुजींनी तिची शाळा घरीच भरवली. वाडीतल्या चार घरांचं दूध नवसू रोज सकाळी खाली आणायचा, त्याच्या किटलीला चिंगीची पाटी अडकवलेली असायची. गुरुजी सोसायटीच्या ओट्यावर ती तपासायचे, शाब्बासकी लिहायचे, मागच्या बाजूला नवा अभ्यास द्यायचे आणि पाटी रिकाम्या किटलीबरोबर वर जायची. आईनं, म्हणजे बायडाबाईनं, शेजारी बसून करून घ्यायचं. पाट्या-पेन्सिली सोसायटीच्या. चैत्रात पोरीला लोणावळ्यात चौथीच्या परीक्षेला बसवायचं, हाही सोसायटीचाच ठराव.

गेल्या जेठात गुरुजी वारले. चिंगीला कळलं तर ती अभ्यास सोडून देईल, म्हणून परीक्षेपर्यंत गप्प राहायचं ठरलं. गुरुजींसारखं अक्षर काढायचं काम सोपानकडे आलं. तो स्वतः तिसरीत दोनदा नापास झालेला. नवसूला एकवीराआईची शपथ घातली, वर काही बोलायचं नाही. नवसूनं मान हलवली. तो एरवीही दिवसाला चारच शब्द बोलायचा.

पहिल्याच आठवड्यात सोपाननं चिंगीचे मार्क म्हशीच्या कार्डावर लिहिले आणि म्हशीच्या दुधाचं फॅट पाटीवर. म्हैस दहापैकी नऊ मिळवून पहिली आली. सहा पॉइंट दोन म्हणजे पास की नापास, असा वरून निरोप आला.

आखाडात मात्र आठ दिवस दूध आलं, पाटी आली नाही. पोरीनं अक्षर ओळखलं, ती रुसली, असं सोपानला वाटलं. नवव्या दिवशी पाटी आली. अक्षरं आडवीतिडवी, बेरजेत हातचे गायब. गुरुजींच्या हाताखाली झरझर लिहिणारी पोर आपल्यापायी पहिलीत गेली, या विचारानं त्याला भाकरी गोड लागेना.

"चिंगी बरी हाय न्हवं रं?" त्यानं नवसूला विचारलं.

"पाटी आनलीया की," नवसू म्हणाला आणि किटल्या विसळायला लागला.

मग सोपाननं हट्टच धरला. दर रविवारी तुंगार्लीच्या एका मास्तरांकडे जाऊन तो आठवड्याचा अभ्यास शिकून यायचा आणि तेच पाटीवर उतरवायचा. अक्षर हळूहळू सरळ झालं. दिवाळीत भागाकार जमला. माघात हौद आला, तो मास्तरांनी सांगूनही सोपानच्या डोक्यात शिरला नाही आणि कमिटीनं हात टेकले.

परीक्षेच्या दिवशी चिंगीला आणायला दत्तोबांनी स्वतःची खुर्ची दिली. पाठीवर पांढऱ्या रंगात 'चेअरमन' लिहिलेली. खुर्चीला दोन बांबू बांधून पहाटेच सोपान आणि नवसू चढायला लागले. वाटेत दोनदा खुर्ची करवंदीच्या जाळीत अडकली. येताना पोरीचं वजन व्हईल, तवा जपून, असं सोपान म्हणाला. पुढं चालणारा नवसू झपाझप पावलं टाकायला लागला.

बायडाबाई दारातच उभी होती. धुतलेलं लुगडं, चोपून बसवलेले केस. सोपाननं खुर्ची टेकवली आणि आधी मनातलं ओझं उतरवलं.

"बायडाबाई, गुरुजी जेठातच वारले. तवापास्नं पाटी म्या तपासतोय. तुमाला फसवलं आमी."

बायडाबाई उंबरा ओलांडून पुढं आली.

"ते रोजचं शाब्बास, चिंगी? तेबी तुमीच लिवत व्हता?"

"व्हय."

"लय उपकार झालं, भाऊ. रोज तिचं नाव दिसायचं."

तिनं आतून पाटी आणली, पदराखाली धरली आणि दाराला कडी घातली.

"चला. खुर्ची ऱ्हाऊ द्या हितंच. म्या येती चालत."

"आवो, पन चिंगीला घ्या की संगं."

"परीक्षंला मीच बसनार न्हवं?" बायडाबाई म्हणाली. "चिंगी आखाडातच गेली, भाऊ."