फोटोपुरतं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळातली गोष्ट. पुढारी अनंतराव कोंडाबाईच्या घागरीत टँकरचं पाणी सोडत होते आणि नवशिका व्यंकटी फोटो काढत होता.

"साहेब, भर उन्हात शटर सावकाश राहिलं. फोटो पांढराफट्ट येईल," त्यानं खरं ते सांगून टाकलं.

"मग ओत गं ते खाली, पुन्हा भरू," अनंतराव म्हणाले. कोंडाबाईनं घागर मातीत रिकामी केली.

दुसरा फोटो नीट निघाला. मागं बायांची रांग तशीच असताना अनंतरावांनी ड्रायव्हरला हाक दिली, "चल पुढच्या गावाला. इथला फोटो झाला."

व्यंकटीला शिसारी आली. अनंतरावांची पाठ वळलेली पाहून त्यानं कॅमेरा उघडून रीळ उन्हात ओढून काढलं.


"साहेब, हा बी जळाला! टँकर थांबवा. मी शिकाऊ हाय, रांग संपस्तोवर फोटो काढत राहावं लागंल."